पोरांच्या हातात पैसे: वार ठरवा, रक्कम ठरवा, मग हात आखडता घ्या

दुकानासमोर हट्ट केला की दहा रुपये मिळतात, हे मूल शाळेत जायच्या आधीच शिकतं. मग ‘आमच्या पोरांना पैशाची किंमत नाही’ असं आपण म्हणतो, ते बरोबर नाही. किंमत त्यांना नेमकी ठाऊक असते: दहा रुपये म्हणजे दोन मिनिटं रडणं. हा भाव मोडायचा तर पैसा हट्टापासून सोडवून वाराला बांधावा लागतो. पुढे लिहिलेल्या सगळ्या गोष्टी त्या एका बदलावर उभ्या आहेत. तो जमला नाही तर डब्या, वह्या, बँकेची पासबुकं ही नुसती हौस ठरते.

वार आणि रक्कम

मुलाला शंभरपर्यंत मोजता येतं आणि वीसची नोट देऊन बारा रुपयांची वस्तू घेतली तर किती परत यायचे हे बोटांवर का होईना सांगता येतं, तेव्हा सुरुवात करा. बहुतेक मुलांचं हे पहिली-दुसरीत होतं.

किती द्यायचे हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: आजीनं हळूच दिलेले पाच, काकांनी दिलेले वीस, बसस्टँडवर घेऊन दिलेला चिप्सचा पुडा, शाळेच्या वाटेवरची पेप्सी. बेरीज आपल्या अंदाजापेक्षा जास्तच निघते. तिचा साधारण पाऊण भाग हा मुलाचा ‘पगार’. म्हणजे घरातून एक रुपयाही जादा जात नाही. फक्त आता खर्च कशावर करायचा हे मूल ठरवतं.

अंदाजासाठी आकडे द्यायचे तर दुसरी ते चौथी आठवड्याला २० ते ३० रुपये, पाचवी ते सातवी ५० ते ७०, आठवी ते एसएसएलसी (म्हणजे दहावी) पंधरवड्याला २०० ते ३००, आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर महिन्याची रक्कम एकदम. रक्कम वाढली की तिच्याबरोबर जबाबदारीही वाढली पाहिजे, नाहीतर तो नुसता जादा खाऊ होतो. चौथीपर्यंत त्यात फक्त खाऊ आणि खेळणं. पाचवीपासून पेन, खोडरबर, पट्टी त्यातच. आठवीपासून केस कापणं आणि मित्राच्या वाढदिवसाची भेट. पीयूसीत बस, कँटीन, मोबाईलचा रिचार्ज सगळं. काय त्यात येतं आणि काय येत नाही हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वही-पुस्तक, औषध आणि जेवण कधीच त्यात धरू नका. नाहीतर पोरगं उपाशी राहून पैसे साठवतं आणि आपण त्याचं कौतुक करत बसतो.

वार बाजाराचा धरा. बेळगाव शहरात शनिवार, गावात असाल तर तुमच्या बाजाराचा जो वार असेल तो. त्या दिवशी घरात सुट्टे असतात आणि विसरायला होत नाही. आठवड्याचे ५० द्यायचे असतील तर पन्नासची एक नोट देऊ नका. दहाच्या तीन नोटा आणि पाच-दोनची चिल्लर द्या. एकच नोट एकदाच मोडते आणि मोडली की संपते. सुटे पैसे वाटून ठेवता येतात. दहाचं नाणं काही दुकानदार घेत नाहीत. ते चलनात आहे, आणि रिझर्व्ह बँकेनं त्याचे वेगवेगळ्या नक्षीचे सगळे प्रकार चालतात असं जाहीर केलेलं आहे. मुलाला हे सांगून ठेवा, पण आठ वर्षांच्या पोराला दुकानदाराशी भांडायला लावू नका. त्याला नोटा द्या.

आता बिघडतं कुठे ते बघा. मंगळवारीच पैसे संपतात आणि मूल तोंड पाडून बसतं. आईचा हात डब्याकडे जातो. तिथेच सगळं बिघडतं. एकदा मध्ये दिले की ‘शनिवार’ हा शब्द फुकट गेला. ‘संपले का? बरं, शनिवारी मिळतील,’ एवढंच म्हणायचं, तेही न रागावता. ‘मी सांगितलं होतं ना’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. ते आलं की मूल स्वतःच्या चुकीवर विचार करायचं सोडून तुमच्यावर चिडतं. चार-पाच आठवडे असे कोरडे गेले की पैसे गुरुवारपर्यंत पुरायला लागतात.

दुसरा घोळ आजी-आजोबांचा. त्यांना ‘देऊ नका’ म्हणून काही उपयोग नाही, आणि म्हणूही नये. त्यांना सांगा की द्यायचे ते सणाला, वाढदिवसाला, यात्रेला द्या. वडगावच्या मंगाई यात्रेला आजोबांनी पन्नास दिले तर ते पन्नास यात्रेचे, आठवड्याच्या हिशोबाबाहेरचे. पाळण्यात उडवले तरी चालतील.

तिसरा घोळ आपलाच. मार्क कमी पडले की पगार कापायचा, पहिला नंबर आला की शंभर द्यायचे. शिस्तीसाठी दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. पैसे कापायची सवय लागली की मूल पैसे लपवायला शिकतं. आणि ‘या शनिवारी नाहीत, पुढच्या शनिवारी दोन्ही घे’ हे तर मुळीच नको. कारखान्याकडचं उसाचं बिल अडलं म्हणून पोराचे वीस रुपये अडवू नयेत. तंगी असेल तर रक्कम उघडपणे कमी करा, पंचवीसचे पंधरा करा, पण वार चुकवू नका.

डब्या

मातीचा गल्ला देखणा असतो, पण शिकवायला कुचकामी. आत किती आहेत ते दिसत नाही, काढता येत नाहीत, आणि फोडला की एकदम ढीगभर पैसे हातात. त्यापेक्षा लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या. एकीवर ‘खर्च’, दुसरीवर ‘जमा’, तिसरीवर ‘दुसऱ्यासाठी’ असं मुलाच्याच अक्षरात लिहा. वीस रुपये आले की दहा, सात, तीन अशी वाटणी करून बघा. तिसरीत गणपतीच्या वर्गणीचे, बहिणीला ओवाळणीचे किंवा वर्गातल्या कुणाला मदतीचे पैसे.

जमेच्या बरणीला नाव लागतं. ‘भविष्यासाठी’ हे नाव सात वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. दिवाळीचा किल्ला हे उत्तम नाव आहे. गणपती गेले की मुलाला घेऊन किल्ल्यावर मांडायच्या चित्रांच्या, म्हणजे छोट्या मूर्तींच्या, दुकानात जा, मावळ्यांची, तोफेची, महाराजांची किंमत विचारा आणि कागदावर लिहा. दिवाळीला सहा आठवडे असतील आणि आठवड्याला दहा जमत असतील तर साठ रुपये. साठात काय काय बसतं ते त्यानंच ठरवायचं. महाराज आणि दोन मावळे, की तोफ आणि वाघ? ही ओढाताण हाच धडा. कमी पडलेले पंचवीस आपण घातले तर सहा आठवड्यांची मेहनत वाया. पंचवीसमुळे तोफ राहिली तर किल्ला पडत नाही. पहिलं ध्येय तीन-चार आठवड्यांचं ठेवा, पुढे दोन महिन्यांचं. सायकलसारखं वर्षाचं ध्येय सातवीच्या आधी दिलं तर मूल मध्येच सोडून देतं.

बाजार

आठवडी बाजारासारखी पैशाची शाळा नाही, आणि ती आपल्या दारात भरते. ऑनलाइन मागवलेल्या भाजीनं मूल काही शिकत नाही.

आधी भाषा. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘पावणेदोनशे’ म्हटलं की ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीचशे २५०, हे रोज जेवताना दोन-दोन विचारा, आठवड्याभरात बसतं. मग कन्नड. बैलहोंगल, सौंदत्तीकडून आलेली मावशी भाव कन्नडमध्ये सांगणार. ‘एष्टु?’ म्हणजे किती. हत्तु १०, इप्पत्तु २०, मूवत्तु ३०, नलवत्तु ४०, ऐवत्तु ५०, अरवत्तु ६०, एप्पत्तु ७०, एंबत्तु ८०, तोंबत्तु ९०, नूरु १००. कालु म्हणजे पाव, अर्ध म्हणजे अर्धा, मुक्कालु म्हणजे पाऊण. हमखास चुकतं ते इप्पत्तु आणि एप्पत्तु: गर्दीत वीस की सत्तर हे कळत नाही, आणि पोरगं सत्तरची वस्तू वीसला मिळाली म्हणून खूश होऊन पिशवीत भरून घेतं. संशय आला तर बोटं दाखवून विचारायचं, लाजायचं नाही.

नोटही वाचायला द्या. मागच्या बाजूला भाषांची पट्टी असते, पंधरा भाषा इंग्रजी वर्णक्रमानं. चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी. वीसच्या नव्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ. एक महाराष्ट्रातलं, एक कर्नाटकातलं, आणि दोन्ही आपल्या पाकिटात. लहान मुलांना हे शोधायला आवडतं, आणि त्या नादात नोट खरी कशी ओळखायची हेही कळतं: पाण्यातलं चित्र, आणि सुरक्षा धागा, म्हणजे मधली चांदीसारखी रेघ, प्रकाशात धरून दाखवा.

बाजाराचा सराव असा चढवत न्या. पहिल्या दोन फेऱ्यांत मूल फक्त पिशवी धरतं आणि भाव पाठ करतं. घरी आल्यावर टोमॅटो कसे होते, कांदा कसा होता ते सांगायचं. तिसऱ्या फेरीत एक वस्तू त्याची. ‘मेथी कशी वो मावशी?’ तीन ठिकाणी विचारायचं, मग घ्यायची. पुढे ५० रुपये आणि तीन वस्तूंची चिठ्ठी. सातवी-आठवीत शंभर रुपये आणि ‘दोन दिवसांची भाजी आण’ एवढंच; काय आणायचं ते त्याचं. एखाद्या वेळी दोन दिवस नुसता भोपळा खावा लागेल. खा.

तोंडी हिशोब हवा. साठ रुपये किलो तर पावाला पंधरा; ऐंशी किलो तर वीस; पन्नास किलो तर साडेबारा, आणि तिथे मावशी तेरा म्हणणार की बारा, ते बघायचं. शंभर देऊन सदतीसचं घेतलं तर परत कसे मोजायचे? सदतीसवर तीन टाकले की चाळीस, दहा टाकले की पन्नास, पन्नास टाकले की शंभर: म्हणजे त्रेसष्ट. वजाबाकीपेक्षा हे पुढे चढत जाणं सोपं आणि दुकानदारही असंच मोजतो. पैसे परत घेतल्यावर जागेवरच मोजायचे, चालता चालता नव्हे.

उरलेली चिल्लर कुणाची, हे घरातून निघण्याआधी ठरवा. ‘राहू दे तुला’ म्हटलं की मूल मुद्दाम स्वस्त, सुकलेली भाजी आणून पैसे वाचवायला लागतं. चांगला माल आणून वाचले तर निम्मे त्याचे, हा सौदा ठीक. घासाघीस जरूर शिकवावी, पण खेड्यातून डोक्यावर पाटी आणलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायला शिकवू नये. तेवढी अक्कल मुलाला पैशाच्या आधी यावी.

पाकिटाच्या मालाची गोष्ट वेगळी. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमीत देता येतं, हे मुलाला माहीत असू द्या. आणि वजन वाचायला लावा. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो, आतलं वजन मात्र कमी होत जातं. पाचचा छोटा आणि तीसचा मोठा पुडा समोर ठेवून १०० ग्रॅमला किती पडतात ते काढायला सांगा. दर वेळी मोठा स्वस्त निघतोच असं नाही, आणि ते कळल्यावर पोरं प्रत्येक दुकानात पाकिटं उलटी करून बघायला लागतात.

घरचा हिशोब दाखवा

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घरात पैसा कुठून, कधी येतो हे माहीत असावं. आपल्याकडे तो दर एक तारखेला येतोच असं नाही. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या घरात मोठी रक्कम उसाची. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, पण बिल हातात कधी पडतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. दुधाचं बिल थोडं पण नेमानं. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणाऱ्याचा पगार वेगळा, शहापूर-वडगावच्या मागावरचा वेगळा, फौजेतला वेगळा.

एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. वर येणारे पैसे, खाली जाणारे. मुलाच्या डोळ्यांनी बघा: ऊस हिवाळ्यात, शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं मे-जूनमध्ये, बियाणं आणि खत त्याच सुमाराला, गणपती आणि दिवाळी पुढे. जूनचा चौकोन खाली भरगच्च आणि वर रिकामा दिसला की ‘जानेवारीत आलेले पैसे जूनपर्यंत ठेवायचे असतात’ हे वेगळं सांगावं लागत नाही. आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० येतात ते कशावर जातात, तेही लिहा. कर्ज असेल तर ‘आहे, आणि दर महिन्याला इतका हप्ता जातो’ एवढं सांगा. सावकार दारात आला होता, रात्री झोप लागत नाही, हे मुलाच्या डोक्यावर टाकू नका.

विजेच्या बिलाचा धडा सगळ्यांत सोपा. राज्याच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आत, घराला ठरवून दिलेल्या हद्दीपर्यंत बिल शून्य. २०० ओलांडले की सगळं बिल भरावं लागतं. मुलाला दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा लिहायला लावा आणि मागच्या रविवारचा वजा करायला सांगा. हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल कन्नडमध्ये येतं. शाळेत कन्नड शिकणारं मूल ते घरात वाचून दाखवतं, आणि त्या दिवसापासून गीझर बंद करायची आठवण तेच करतं.

बसचा प्रश्न भावंडांत भांडण लावतो. राज्याच्या शक्ती योजनेमुळे २०२३ च्या जूनपासून मुलीला साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, भावाला आहे. दोघांना सारखी रक्कम देऊ नका आणि वेगळी देताना कारण लपवू नका: भावाला पासाचे पैसे वेगळ्या पाकिटात, खर्चाचे दोघांना सारखे. मुलीनं कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र विसरलं तर तिकीट तिच्या खर्चाच्या पैशातून. कोल्हापूरला जाणारी आंतरराज्य गाडी यात धरलेली नाही, हे खरेदीला निघण्याआधी लक्षात असू द्या.

व्याज

इथे मोठी माणसंही फसतात, म्हणून सावकाश शिकवा. बँक व्याज वर्षाचं सांगते, गाव महिन्याचं. ‘शेकडा दोन’ हे ऐकायला दोन टक्के वाटतं. ते महिन्याला आहे, म्हणजे वर्षाला चोवीस. १०,००० घेतले तर वर्षाला २,४०० नुसतं व्याज, मुद्दल तसंच उभं. तेच १०,००० आपण बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साधारण ७००. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा आणि मुलाला विचारा, व्याज घेणारा व्हायचंय की देणारा.

मग फोनचा हप्ता. १५,००० चा फोन, बारा हप्ते, ‘वर्षाला फक्त १२ टक्के’. दुकानदार संपूर्ण १५,००० वर १२ टक्के लावतो: १,८०० व्याज, महिन्याला १,४०० हप्ता. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडतोय. सहा महिन्यांनी निम्मंच देणं उरलेलं असतं, व्याज मात्र पूर्ण रकमेवरच चालू. फिटत जाणाऱ्या रकमेवर मोजलं तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. नववी-दहावीच्या मुलाला वहीत बारा ओळींचा तक्ता करायला लावा, मग ‘हप्त्यावर घेऊ या ना’ हा हट्ट निम्मा होतो.

घरातली उचल द्यायची असेल तर दोन नियम: दोन आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त नाही, आणि वहीत लिहून सही. आठवड्याला ६० मिळणाऱ्या मुलानं १०० उचलले तर चार आठवडे २५ कापायचे, वर शेवटी पाच रुपये व्याज. पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही. ‘राहू दे शेवटचे पाच’ म्हटलं की उचल म्हणजे बक्षीस होतं.

भिशी मात्र मुलांना खेळ म्हणून जरूर शिकवा. पाच चुलत-मामेभावंडं, आठवड्याला प्रत्येकी २०, दर आठवड्याला एकाला चिठ्ठीनं शंभर. पाच आठवड्यांत संपते. पहिल्याला बिनव्याजी कर्ज मिळालं आणि शेवटच्यानं बचत केली, हे त्यांचं त्यांना सुचतं का बघा. आणि पहिला नंबर लागलेलं पोरगं तिसऱ्या आठवड्यात ‘नाहीत माझ्याकडे’ म्हणालं की भिशी कशावर चालते हे पाचही जणांना कळतं.

पिग्मी, पोस्ट, बँक

पिग्मी हा शब्द आपल्याकडे मराठी झालाय. उडुपीच्या बँकेनं, पुढच्या सिंडिकेट बँकेनं, १९२८ साली दारोदार फिरून रोजचे चार पैसे गोळा करायला सुरुवात केली, तिथून तो आला. दुकान असलेल्या घरात मुलाच्या नावानं रोज दहाची पिग्मी लावायला हरकत नाही, पण एजंटाला पैसे मुलानं द्यायचे, पावती किंवा मेसेज मुलानं बघायचा आणि महिन्याच्या शेवटी पुस्तकातली बेरीज त्यानंच करायची. मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

त्याच वेळी बँक आणि सोसायटी यातला फरक सांगा, कारण आपल्या गल्लीत दोन्हींच्या पाट्या शेजारी-शेजारी असतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. म्हणून तिथे व्याज एक-दोन टक्के जास्त मिळतं. जास्त व्याज फुकट मिळत नसतं, हे मुलाला ठेव ठेवण्याआधी कळू द्या.

पोस्टातलं आवर्ती खातं, म्हणजे आरडी, महिना १०० रुपयांपासून निघतं, पाच वर्षांचं. ६.७ टक्के दर धरला तर भरलेल्या ६,००० चे सुमारे ७,१३० होतात. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड. सहावीत सुरू केलं तर एसएसएलसी झाल्यावर हातात येतं, पीयूसीच्या पुस्तकांना नेमकं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी, वर्षाला किमान २५० रुपये, पण त्यातून ती रोजचा व्यवहार शिकणार नाही. त्यासाठी बचत खातं वेगळं हवं.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं खातं चालवू द्यायला बँकांना मोकळीक दिली. मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. जाताना मुलाचं आधार, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, फोटो, आणि आई-वडिलांपैकी एकाची ओळखपत्रं न्या. फॉर्म मुलाला भरू द्या, खोडाखोड झाली तर दुसरा मागा.

सीमाभागात खरी अडचण नावाची. आपण नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहितो, शाळेत कधी आद्याक्षरं पुढे येतात, कधी कन्नडवरून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलतं. आधार, शाळेचा दाखला आणि पासबुक यावर अक्षरागणिक एकच नाव असू द्या, आणि आठवी-नववीतच तपासा. एसएसएलसीचं मार्क्स कार्ड छापून आलं की दुरुस्तीला हेलपाटे घालावे लागतात. सहीही साधी आणि रोज तशीच येणारी ठरवा, कुठल्याही लिपीत.

मोबाईल हातात आल्यावर

आठवीपर्यंत रोखच. फोनवरून शंभर गेले तर बोटाला काही जाणवत नाही; नोट दिली की हात हलका होतो. त्यानंतर यूपीआय द्यायचं तर वडिलांच्या पगाराचं खातं जोडून नको. मुलाचं वेगळं खातं, त्यात पंधरवड्याची रक्कम, बस्स. किंवा यूपीआय सर्कल वापरा, म्हणजे तुमच्याच खात्यातून मुलाला खर्च करू द्यायची सोय: एकतर प्रत्येक खर्चाला तुमचा पिन लागतो, नाहीतर तुम्ही हद्द घालून देता. ती कमाल महिन्याला १५,००० पर्यंत घालता येते म्हणून तेवढी घालू नका, ५०० पुष्कळ.

रविवारी रात्री दहा मिनिटं, मुलानं आठवड्याची यादी वाचायची आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘हवं होतं’ किंवा ‘उगाच’ लिहायचं. तुम्ही काही बोलायचं नाही.

तीन गोष्टी मात्र दरडावून सांगा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. जो ‘पैसे पाठवतोय, पिन टाक’ म्हणतो तो चोर. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्यानं बंद झालेत, तरी लिंक येतच राहतात. जिंकलेल्याचे फोटो बघून हात लावायचा नाही. आणि ‘तुझं खातं आठ दिवस वापरू दे, दोन हजार देतो’ असं कॉलेजात कुणी म्हणालं तर सरळ नाही. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. पैसे गेलेच तर लाजून तीन दिवस लपवण्याआधी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरला फोन, मग बँकेला. ‘पहिले सांगितलंस तर रागावणार नाही’ हे वचन आधीच द्या आणि पाळा; नाहीतर पोरगं मित्राकडून उसने घेऊन भोक बुजवायला जातं.

काम करून पैसे

अंथरूण आवरणं, ताट उचलणं, पाणी भरणं याचे पैसे नाहीत. घराबाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं अशा कामाचे द्या: गाडी धुणं ३० रुपये, दुकानातली मालाची मोजणी तासावर. दर आधी, काम तपासून, पैसे त्याच दिवशी. चौदा वर्षांखालच्या मुलाला बाहेर कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार चालतो, पण अभ्यास आणि खेळ मारून नव्हे.

मुलाला अठरा पूर्ण झाली की बँकेत एकदा जाऊन नवी सही आणि कागदपत्रं द्यावी लागतात, नाहीतर खात्यातले व्यवहार अडतात. कॉलेजच्या फीच्या आदल्या दिवशी हे लक्षात येतं. वाढदिवसाच्या आठवड्यातच जा, आणि काउंटरवर त्यालाच बोलू द्या.